गिरकी संपली तरी स्टेज फिरतच का राहतं?

दिवाळी आटोपली आणि धान बांधीबाहेर आलं की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडई, म्हणजे गावच्या जत्रा, भरायला लागतात. दिवसा शंकरपट (बैलांच्या शर्यती), रात्री नाटक. वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या होळीपर्यंत गावोगाव फिरतात आणि नाटकाच्या मधे मधे नाच लागतातच. तिकडे शाळांत गॅदरिंगची तयारी. या सगळ्या तालमींत एक गोष्ट हमखास घडते. मास्तर म्हणतात, "आता चार गिरक्या," आणि चौथ्या गिरकीनंतर दोघी भिंतीला टेकतात, एक खाली बसते. "सर, डोकं गरगरून राह्यलं."

उत्तरंही ठरलेली: उपाशी आली असशील, लिंबू चाट, डोळे मीट, सवय होईल. यातलं शेवटचं अर्धं खरं आहे. बाकीची का चुकतात हे कळायला आधी स्वयंपाकघरात जावं लागेल.

गंजातलं पाणी आणि चिमूटभर कुटार

एका गंजात (गोल पातेल्यात) अर्ध्यापर्यंत पाणी घ्या, वर चिमूटभर बारीक कुटार (भुसा) टाका. पाणी शांत झालं की गंज जमिनीवरच हाताने गोल फिरवायला सुरुवात करा. गंज फिरतो, पण कुटार जवळजवळ जागेवरच राहतं. थोडा वेळ सारख्या वेगाने फिरवत राहा. पाणी हळूहळू गंजाचा वेग पकडतं आणि दोघं सोबत फिरू लागतात. आता गंज एकदम थांबवा. गंज थांबला, कुटार मात्र गोल गोल फिरतच राहिलं.

आपल्या कानात नेमकं हेच होतं. कानाच्या पडद्याच्याही आत, कवटीच्या हाडात, प्रत्येक बाजूला तीन वाकड्या नळ्या असतात. त्यांना अर्धवर्तुळाकार नलिका म्हणतात. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन जशा एकमेकींना काटकोनात मिळतात, तशाच या तिघी तीन दिशांना बसवलेल्या. एक मान डावी-उजवीकडे फिरल्याचं सांगते, उरलेल्या दोघी मान पुढे-मागे आणि खांद्याकडे झुकल्याचं मिळून सांगतात. नळीची पोकळी अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक, आत पाण्यासारखा द्रव. प्रत्येक नळीत एका जागी जेलीसारखा मऊ पडदा आडवा उभा असतो आणि त्याच्या बुडाशी केसासारख्या टोकांच्या पेशी असतात. पाटाला पाणी सोडलं की कडेचं गवत प्रवाहाच्या बाजूला झुकतं, तसा द्रव सरकला की हा पडदा झुकतो. तो जिकडे झुकला, त्यावरून मेंदू ठरवतो की डोकं कुठल्या बाजूला फिरतंय.

फिरताना बरं, थांबल्यावर का नाही?

या यंत्राला फिरणं कळत नाही, फिरण्यातला बदल कळतो. तुम्ही उजवीकडे फिरायला लागलात की द्रव मागे राहतो, पडदा झुकतो आणि मेंदूला कळतं: उजवीकडे. सारख्या वेगाने फिरत राहिलात तर साधारण १५ ते २० सेकंदांत द्रव वेग पकडतो, पडदा सरळ होतो आणि डोळे मिटलेले असतील तर आपण फिरतोय हेच जाणवेनासं होतं.

मग तुम्ही थांबता. द्रव थांबत नाही. पडदा आता विरुद्ध बाजूला झुकतो आणि मेंदूला निरोप जातो: डावीकडे फिरतोय! पाय म्हणतात उभा आहे, डोळे म्हणतात समोर भिंत आहे, कान म्हणतात फिरतोय. या भांडणाचं नाव चक्कर. पोटात ढवळतं तेही यानेच.

आपण डावीकडे जातोय असं वाटल्यामुळे शरीर सावरायला उजवीकडे झुकतं. म्हणून पोरगी ज्या बाजूला फिरत होती त्याच बाजूला तिचा तोल जातो. तालमीत आधाराला कुणी उभं करायचं असेल तर त्या बाजूला करा. बहुतेक ठिकाणी तो आधार समोर उभा असतो आणि तिथे काहीच कामाचा नसतो.

डोळे कुठून आले यात?

कानाचा निरोप थेट डोळ्यांच्या स्नायूंना जातो. डोकं उजवीकडे वळलं की डोळे आपोआप तितकेच डावीकडे सरकतात. म्हणून तर खाचखळग्याच्या रस्त्यावरून बंडीत बसून जाताना समोरचं झाड थरथरत नाही. पण डोकं फिरतच राहिलं तर डोळे कोपऱ्याला टेकतात, मग झटक्याने परत येतात, पुन्हा सरकतात. थांबल्यावर कानाचा खोटा निरोप चालू असेपर्यंत हे झटके चालूच राहतात. डॉक्टर याला निस्टॅग्मस म्हणतात.

बघायचं असेल तर सोपं आहे. कुणाला तरी दहा गिरक्या घ्यायला सांगा आणि थांबताक्षणी मोबाइलवर त्यांच्या डोळ्यांचा जवळून व्हिडिओ काढा. बुबुळं हळू एका बाजूला सरकतात आणि पटकन परत येतात. भिंत फिरताना दिसते ती या बुबुळांमुळे.

कानाच्या या कामाचा अभ्यास करणारे रॉबर्ट बारानी यांना १९१४ सालचं वैद्यकाचं नोबेल मिळालं. ते रुग्णाला फिरत्या खुर्चीत बसवून २० सेकंदांत १० फेरे देत आणि मग डोळ्यांचे झटके तपासत.

फुगडीने अर्धं आधीच शिकवलंय

भुलाबाईच्या दिवसांत पोरी फुगडी खेळतात. हात गुंफले, मागे रेलल्या, फेर धरला. मागची घरं, झाडं, माणसं सगळी पुसल्यासारखी होतात, पण समोरच्या मैत्रिणीचा चेहरा स्वच्छ दिसतो, कारण तो सोबतच फिरतोय. डोळ्यांना धरायला एक स्थिर गोष्ट मिळाली की झटके दबतात. जोवर हात धरलेले आहेत तोवर मजा. हात सुटले, चेहरा गेला, की दोघी धपकन खाली.

एकटीने गिरकी घ्यायची तर हा चेहरा आणायचा कुठून? नाचणाऱ्यांनी काढलेला उपाय म्हणजे नजर एका जागी खिळवून अंग फिरवायचं. कथ्थकच्या चक्करमध्ये हेच करतात, बॅलेतही हेच. शहरातल्या क्लासमध्ये त्याला स्पॉटिंग म्हणतात. आपण नजर बांधणं म्हणू.

नजर आधी, अंग मागून

भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला एक मोठी लाल टिकली चिकटवा. आठ-दहा फूट दूर, तिच्याकडे तोंड करून उभे राहा. आता उजवीकडे, आठ छोट्या पावलांत एक फेरा. प्रत्येक पाऊल म्हणजे फेऱ्याचा आठवा हिस्सा.

एक, दोन: अंग उजवीकडे वळतं, नजर टिकलीवर. हनुवटी डाव्या खांद्यावर येते. तीन: मान ताणली जाते, टिकली डोळ्यांच्या कोपऱ्यात जेमतेम उरते. चार: पाठ टिकलीकडे. इथेच मान डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर झटकन न्यायची, अंगाच्या पुढे. पाच-सहा: उजव्या खांद्यावरून टिकली पुन्हा सापडली. सात, आठ: डोकं तिथेच, अंग मागून येऊन त्याच्याखाली बसतं.

यातलं सहावं पाऊल महत्त्वाचं. सहावर टिकली सापडली नाही तर मान उशिरा झटकली. घाई नको, पुन्हा चारवर लक्ष द्या. तरुण मान एका बाजूला साधारण ८० अंश वळते. म्हणजे ३६० अंशांच्या फेऱ्यात जवळपास १६० अंश डोकं टिकलीकडे स्थिर राहू शकतं आणि बुबुळांचं वळणं धरलं तर त्याहून थोडं जास्त. फिरण्याचा जवळजवळ अर्धा वेळ डोळ्यांना स्थिर चित्र मिळतं.

आठ पावलांत जमलं की चार, मग दोन, मग एका पायावर. वेग सगळ्यात शेवटी. झटकायचं म्हणजे मान मोडायची नाही. आधी दोन्ही बाजूंना हळू दहा-दहा वेळा बघून मान मोकळी करा. मान दुखली तर त्या दिवशी बंद.

बिघडतं कुठे

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फिरताना डोकं वाकवणं. पोरी पायांकडे बघतात किंवा तोंड वर करतात. आतापर्यंत एकाच नलिकेचं मुख्य काम चालू होतं. डोकं वाकलं की फिरणाऱ्या नलिकांची दिशा बदलते, बाकीच्याही जाग्या होतात आणि मेंदूला गिरकीसोबत कोलांटीचाही निरोप जातो. उलटी येण्याचा हा सगळ्यात जवळचा रस्ता. उपाय आपल्या बायकांना ठाऊकच आहे: डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर भरलेला गुंड (पाण्याची घागर), आणि विहिरीवरून घरी. मान वळते, डोकं कलत नाही. गिरकीत हनुवटी तशीच, जमिनीला समांतर.

दुसरी चूक कुणाच्या लक्षात येत नाही. गिरक्या संपल्या की लगेच वाकून नमस्कार. द्रव अजून फिरतोय आणि तुम्ही डोकं खाली घातलं. प्रेक्षकांसमोर झोकांडी जाते ती बहुतेकदा इथेच. नाच बसवणाऱ्याने गिरक्यांनंतर आठ मात्रांची स्थिर पोझ ठेवावी: पाय खांद्याइतके फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले, नजर समोर खिळलेली. टाळ्या त्या पोझलाच पडतात. नमस्कार नंतर. शेवटची गिरकी आधीच्या गिरक्यांपेक्षा थोडी संथ घेतली तर थांबण्याचा धक्काही कमी बसतो.

मग वेणी. लांब, गजऱ्याने जड झालेली वेणी फिरताना बाहेर फेकली जाते आणि डोकं सोबत ओढते. सरावाला अंबाडा घाला. नाचात वेणीच हवी असेल तर शेवटच्या दोन तालमी वेणी घालूनच करा, नाहीतर त्या रात्री मान वेगळीच लागेल.

आणि पायाखालची जागा. शेणाने सारवलेलं अंगण पाय धरून ठेवतं, शाळेची फरशी सोडून देते. स्टेजवर अंथरलेलं हिरवं कार्पेट या दोन्हींपेक्षा वाईट, कारण टाचेखाली त्याची घडी गोळा होते. ते चारही कडांनी ताणून खिळलंय का, गिरकीच्या जागी फळ्यांची फट तर नाही ना, हे आधी हाताने चाचपून बघा.

"डोकं थांबतं म्हणजे आतलं पाणी हलतच नाही ना?"

असं बऱ्याच ठिकाणी सांगितलं जातं, पण ते पूर्ण खरं नाही. अंग एक फेरा फिरलं तर डोकंही एक फेरा फिरलंच, फक्त तुकड्यांत. मानेच्या प्रत्येक झटक्यात सुरुवातीचा धक्का पडद्याला एका बाजूला ढकलतो आणि थांबण्याचा धक्का परत आणतो, पण बाकी थोडी उरते. तीन-चार गिरक्यांत ती जाणवत नाही. वीस गिरक्यांत साठते. नजर बांधण्याचा मोठा फायदा डोळ्यांना होतो: झटके दबतात, तोल सापडतो आणि शेवटी तोंड नेमकं प्रेक्षकांकडे येतं. कानाचा हिशेब मेंदूवर सोडावा लागतो.

"मग दरवेश कसे फिरतात?"

तुर्कस्तानातले मेवलेवी दरवेश, म्हणजे गोल फिरत साधना करणारे सूफी, कितीतरी मिनिटं फिरतात आणि नजर बांधत नाहीत. ते गंजाची दुसरी अवस्था वापरतात. वेग संथ आणि सारखा, डोकं एकाच कलात, नजर कशावरही न रोखलेली. द्रवाने वेग पकडला की कान गप्प होतो. वर्षांचा सराव असतोच. हे नाचात चालत नाही, कारण नाचात तालावर एकदम सुरू व्हायचं आणि समेवर एकदम थांबायचं असतं.

आपल्याकडे गडचिरोलीच्या रेला नाचात हात गुंफून मोठं रिंगण धरतात. तिथे एक पूर्ण फेरा इतका हळू होतो की चकरेचा प्रश्नच येत नाही. गिरकी हा वेगळा प्राणी आहे.

सवय होते म्हणजे नेमकं काय होतं

कान बदलत नाही, मेंदू बदलतो. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०१३ मध्ये २९ बॅले नर्तिका आणि २० नौका वल्हवणाऱ्या महिला खेळाडूंना अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर बसवून फिरवलं. खुर्ची थांबल्यावर अजून किती फिरल्यासारखं वाटतंय ते त्यांनी एक दांडा फिरवून दाखवायचं होतं. नर्तिकांची ही जाणीव लवकर ओसरली. अंधारात नजर बांधायला काही नव्हतं, तरीही. मेंदूच्या चित्रात दिसलं की लहान मेंदूतला, कानाचे निरोप हाताळणारा एक भाग नर्तिकांमध्ये आकाराने लहान होता. नको असलेला निरोप मधेच अडवायला मेंदू शिकतो, असा त्याचा अर्थ लावला गेला.

म्हणून रोजची दहा मिनिटं रविवारच्या दोन तासांपेक्षा भारी. पाच गिरक्या, मग टिकली पूर्ण स्थिर दिसेपर्यंत थांबा, मग पुन्हा पाच. असे तीन-चार वेळा, दोन्ही दिशांना. मळमळ सुरू होण्याआधी थांबायचं. उलटीपर्यंत ताणलं तर दुसऱ्या दिवशी पोरगी तालमीला येतच नाही आणि पोरगी बरोबर असते.

लिंबू, तेल, उपास आणि उलटी गिरकी

लिंबाचा थेंब कानातल्या द्रवापर्यंत जात नाही. आंबट चवीने तोंडाला बरं वाटतं, तेवढंच. डोळे मिटल्याने भिंत दिसायची थांबते, पण झटके दाबणारी एकमेव गोष्टही हातची जाते आणि तोल आणखी बिघडतो. डोळे उघडे, नजर टिकलीवर.

कानात कोमट तेल घालणं तर सोडाच. मधे कानाचा पडदा आहे, तेल आत पोचत नाही. उलट बारानींना हा सगळा विषय सापडला तोच मुळी रुग्णांचे कान धुताना: पाणी जास्त थंड असलं की रुग्णाला चक्कर यायची. अंगापेक्षा थंड किंवा गरम काहीही कानात गेलं तर उष्णतेच्या फरकाने आतला द्रव हलतो.

उलट्या बाजूला फिरून चक्कर उतरवतात, त्यात तथ्य आहे, पण अर्धवट. उलटी गिरकी सुरू करताना पडदा आधीच झुकलाय त्याच बाजूला आणखी ढकलला जातो. परत येतो तो ती गिरकी थांबल्यावर. हिशेब जुळला तर उतरते, चुकला तर वाढते, आणि स्टेजवर हा हिशेब कुणी करू शकत नाही.

उपाशी पोटाचं प्रकरण मात्र वेगळं काढा. गरगरणं वेगळं, डोळ्यांपुढे अंधारी येणं वेगळं. नवरात्रीचे उपास, कमी पाणी, रात्रीचं जागरण यांनी अंधारी येते, तिला नजर बांधून काही उपयोग नाही. एखाद्या पोरीला दोन-तीन गिरक्यांत धाप लागून अंधारी येत असेल तर आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासा. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे, ती तपासणीही सोबत करून घ्या. न फिरता, नुसती कूस बदलली तरी घर फिरत असेल, किंवा चक्कर येताना कानात आवाज होऊन ऐकू कमी येत असेल, तर तो नाचाचा विषय नाही, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचा आहे.

रात्री टिकली कुठे लावणार?

तालमीत भिंत असते, मंडईच्या स्टेजवर समोर काळोख. हॅलोजनकडे बघून नजर बांधली तर डोळे दिपतात आणि पुढच्या फेऱ्यात काहीच सापडत नाही. पहिल्या रांगेतला माणूसही कामाचा नाही, तो मान हलवतो किंवा उठून जातो. छोटा, मंद, न हलणारा दिवा हवा, डोळ्यांच्या उंचीला आणि शक्य तितका समोर. साउंडवाल्याच्या टेबलावरचा लाल दिवा चालतो. चष्मा काढून नाचणारीला तो पुसट दिसेल, तिला मोठा पिवळा बल्ब लागेल, बहुतेक मंडपाच्या टोकाला चहाच्या टपरीवर असतो तसा. पडदा उघडण्याआधी स्टेजवर जाऊन तो एकदा बघून ठेवा आणि नाच संपेपर्यंत बल्ब घालवू नको, असं चहावाल्याला सांगून या.